पाचवा कागद

मला लाल शाईची रेघ सरळ मारता यायची. पट्टी लागत नसे. सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं, आणि आमच्याकडं हजेरीच्या कॅटलॉगची एक रीत होती. लग्न होऊन मुलगी गेली की तिच्या नावावर निळी रेघ, देवाघरी गेली की लाल. निळ्या रेघा ज्या त्या वर्गाच्या बाई मारत. लाल मारायला कुणाचा हात उठत नसे, म्हणून ते कॅटलॉग माझ्याकडं येत. "तुमचा हात कसा तो थरथरत नाही," असं मुख्याध्यापिका म्हणायच्या. मला ते कौतुक वाटायचं. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

सदतीस साली नवी असेंब्ली आली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या दोन गल्ल्या पलीकडं एक वकील राहत. ते निवडून येऊन मुंबईला असेंब्लीत बसू लागले होते, म्हणून सगळे त्यांना मेंबरसाहेब म्हणत. भला माणूस, पण डोक्यात एकेक खूळ. त्या वर्षी त्यांनी असं ठरवलं की बजेटाच्या बैठकीला जाण्याआधी आपल्या मतदारांनाच विचारायचं: सरकारनं पैसा कशावर खर्च करावा, रस्ते आणि मोटारी यांचं काय करावं, वीज आणि रॉकेल यांचं काय करावं. त्यासाठी त्यांनी प्रश्नांचे कागद छापून घेतले आणि कारकुनांच्या हाती देऊन गावोगाव धाडले. पेठेतले लोक हसले. मत मागायला दारात येणारे पुष्कळ पाहिले, निवडून आल्यावर मत विचारायला येणारा हा पहिलाच, असं म्हणून त्यांनी टाळ्या दिल्या.

एके दिवशी संध्याकाळी मेंबरसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि कागदांचा एक गठ्ठा पुढ्यात टाकला. एका गावच्या सात बायकांचे सात कागद होते. सगळ्यांवर एकच उत्तर: "यजमानांचे मत तेच माझे." खाली सात अंगठे. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक अंगठ्यावर विळ्यानं कापल्याची तीच तिरकी खूण होती. सात बायकांच्या वतीनं एकाच बाप्यानं अंगठा उठवला होता, आणि कारकुनानं डोळे झाकून कागद गोळा केले होते.

"बाई, पुरुषमाणूस माजघरात जाऊ शकत नाही," मेंबरसाहेब म्हणाले. "बायकांचे कागद तुम्हीच भरून आणा. मला खरी उत्तरं पाहिजेत."

मला हसू आलं, रागही आला, आणि आतून आनंदही झाला. तेव्हा मत सरसकट नव्हतं; बायकांपैकी शिकलेल्या आणि बड्या खातेदारांच्या बायका एवढ्यांचीच नावं मतदारांच्या यादीत असत, आणि शिकलेली म्हणून माझंही होतं. मी आठव्या वर्षी लग्न झालेली आणि तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई. विधवेचं नाव कुठल्या शुभकार्याच्या यादीत घालत नाहीत. या यादीत मात्र होतं, नंबरासकट. मी तो नंबर पाठ केला होता. आजही पाठ आहे.

त्यांनी मला अटी नीट समजावून सांगितल्या. यादीत जिचं नाव तिचंच मत घ्यायचं, आणि अंगठाही तिचाच. एका गावातल्या निदान पाच मतदारांनी एकच काम मागितलं तर ते काम ते असेंब्लीत मांडायच्या यादीत घालणार. पाचाला एक जरी कमी पडला तर ते "इतर सूचना" या सदरात जाईल. "आणि इतर सूचना कोण वाचतं, ते तुम्हाला ठाऊक आहे," असं म्हणून ते हसले. मला अटी पसंत पडल्या. नियम म्हटला की मला बरं वाटतं, हा माझा जुना दोष.

संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते आणि शाळांना सुट्टी असते. लोक मिरवणुकीतले नंदीध्वज बघायला निघाले आणि मी सर्व्हिस मोटारीनं मोहोळला निघाले. तिथल्या धर्मशाळेत उतरले, एक छकडा ठरवला आणि रोज एकदोन गावं करू लागले. संक्रांतीचे दिवस निवडले ते मुद्दामच. हळदीकुंकवासाठी बायकांचं एकमेकींकडं जाणं-येणं चालू असतं, तेव्हा एक परकी बाई घरात आली तरी कुणी कपाळाला आठी घालत नाही. मला कुंकू कुणी लावणार नव्हतंच, पण तीळगूळ द्यायच्या.

उत्तरं मात्र एकेक नग असायची. एक आजीबाई विजेचा प्रश्न ऐकून म्हणाल्या, "ती आभाळात हाय तितंच बरी हाय की. खाली कशापायी आणता?" एकीला वाटलं मी देवी टोचायला आले आहे, तिनं पोरं मागल्या दारानं पळवली. एक म्हणाली, "सरकारला म्हणावं, आदी हितं येऊन येक दिस दळण दळ, मग इचार." मी हे सगळं शुद्ध करून लिहीत होते. "विजेची आवश्यकता वाटत नाही." "पिठाच्या गिरणीची सोय व्हावी." माझं अक्षर सुरेख आहे.

चौथ्या दिवशी ज्या गावाला गेले ते मोठ्या सडकेपासून आत होतं. वाटेत छकडेवाल्यानं बैल थांबवले आणि चाबकानं खाली दाखवलं. "ह्यो वडा." मला ओढा दिसलाच नाही. वाळू होती, दोन बाभळी होत्या, आणि वाळूत चाकोऱ्या होत्या. मी म्हटलं, "यात पाणी कुठं आहे?" तो म्हणाला, "आत्ता न्हाय. भादव्यात या बगायला."

गावातल्या बाप्यांचे कागद कारकुनानं आधीच भरून नेले होते. त्यांचं एकमत होतं: स्टेशनाकडं जाणारा रस्ता पक्का व्हावा, म्हणजे शेंगांच्या गाड्या बाराही महिने जातील. तो रस्ता गावाच्या दुसऱ्या अंगाला, कोरड्या बाजूनं जात होता. बायकांची नावं यादीत पाच होती. मी एकेकीच्या चुलीपाशी बसले. पहिली म्हणाली, वड्यावर फरशी घाला. फरशी म्हणजे पाण्यावरून गाडी जाईल असा दगडी बांधलेला ठेंगणा रस्ता. मोहोळच्या दवाखान्याची वाट तिथूनच होती. दुसरीनं आवाज खाली करून तेच सांगितलं. तिसरी म्हणाली, "मालक स्टेशनाचं म्हणत्यात, पर तुमी फरशीचं लिवा, त्यास्नी नगा सांगू." चौथीनं तर माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. दुपारपर्यंत माझ्याकडं फरशीचे चार कागद झाले होते. मला मोठी मौज वाटत होती. आता एकच राहिलं होतं.

पाचवं घर गावातलं मोठं. मालक ओट्यावर बसले होते. त्यांनी मला खुर्ची आणवली आणि सौजन्यानं म्हणाले, "इचारा की. पर तिला काय कळतंय त्यातलं?" आणि रानात निघून गेले. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आत एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी हळदीकुंकवाचं तबक पुसत होती. गोल चेहरा, हनुवटीवर गोंदलेला ठिपका. यादीत बायकांची नावं धड नव्हतीच. नंबर आणि पुढं "अमक्याची पत्नी" एवढंच. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेणार नाही, म्हणून मी यादी वाचून दाखवली आणि विचारलं, "यांची पत्नी तूच ना?"

"व्हय की."

मी पहिला प्रश्न वाचला. सरकारनं तुमच्या गावात एकच काम करायचं ठरवलं तर कोणतं करावं?

"थांबा हं, बाई," ती म्हणाली. गळ्यातल्या काळ्या मण्यांत काहीतरी होतं, ते तिनं दोन बोटांत धरलं आणि मान जरा कलती केली. मग म्हणाली, "आक्का म्हणत्यात, वड्यावर फरशी."

"आक्का कोण? सासूबाई? मग त्यांना बाहेर बोलव. मला तुझं मत पाहिजे."

"आक्का हितंच हायत की." तिनं बोटांतली वस्तू माझ्यापुढं धरली. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक उभी बाई.

मी ओळखलं. सवतीचा टाक. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. घास आधी तिला दाखवायचा, कुंकू आधी तिला. तिचा मान तिला दिला की ती मागून आलेलीला त्रास देत नाही, अशी समजूत. वर्गात एका मुलीनं आपल्या आईच्या गळ्यातल्या टाकाची गोष्ट सांगितली होती, तेव्हा मी तिला अडाणीपणा म्हणून झापलं होतं. पण मतसुद्धा आधी तिलाच विचारायचं, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"आदी त्यांचं लिवा, मग माझं," ती म्हणाली. "न्हायतर बरं दिसत न्हाय."

मी तिथंच टाक खाली ठेवायला हवा होता. माझा टाक, लिहायचा. पण बाहेर ऊन होतं, आत गारवा होता, आणि मला पुढं ऐकायचं होतं. मी लिहीत गेले.

मोटारींचं विचारलं. "आक्का मोटारीला लई भ्यायच्या म्हणं. लांबनं भोंगा ऐकला तरी दाराआड व्हायच्या. त्या म्हणत्यात, मोटारी नगं. मला मातर येकदा बसायचंय, सोलापूरपत्तुर." विजेचं विचारलं. "आक्का म्हणत्यात, बाळंतिणीच्या खोलीत उजेड पायजे, चिमणीचा लई धूर व्हतो. आन मला ते विजेचं दिवं बगायचं हायती. खरंच वात नसती व्हय त्याला?"

"नसते."

"मग इझवत्यात कसं? फुंकून?"

मी बटणाचं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. त्या दहा दिवसांत तेवढीच एकदा.

कागद संपला तेव्हा तिनं विचारलं, "फरशी पावसाळ्याआदी व्हईल?"

"एवढी घाई कसली?"

मग तिनं आक्कांचं सांगितलं. तिसरं बाळंतपण होतं. दिवस भादव्याचे. मूल आडवं आलं, सुईणीनं हात टेकले, म्हणून सकाळीच गाडी जुंपून मोहोळच्या दवाखान्याकडं निघाले. ओढा दोन्ही काठांनी वाहत होता. दिवसभर गाडी अलीकडं उभी राहिली. "पलीकडं सडक दिसत हुती," ती म्हणाली. "दुपारी सडकंवरनं मोटार गेली, ती बी दिसली म्हणं आक्कास्नी." दिवेलागणीला पाणी उतरायला लागलं तेव्हा गाडी परत घराकडं वळवली. दवाखान्यात न्यायचं कारण उरलं नव्हतं.

हे सांगून ती जरा जवळ सरकली. "मलाबी दुसरा म्हयना लागलाय. अजून कुणाला ठावं न्हाय. भादव्यातच येतंय."

"पहिलं बाळंतपण ना? माहेरी जा."

"आय न्हाय. आय न्हाय तर म्हायेर कुटलं?"

अडले की माझ्यातली शाळेतली बाई पुढं येते. परीक्षेला घाबरलेल्या पोरीला सांगावं तसं मी सांगितलं, "तू काळजी करू नकोस. मी लिहून नेतेय ना? सरकारला लिहून दिलं की होतं." तिनं मान डोलावली. अंगठा उठवताना तिच्या बोटाला हळद होती. शाईचा ठसा उठला आणि त्याच्या कडेनं पिवळं वर्तुळ उमटलं.

परत येताना ओढ्याच्या वाळूत छकडेवाला सहज म्हणाला, "त्या घरात कुणाचा कागद घेटला, बाई? आत्ताचीचं नाव न्हाय यादीत. ही गेल्या उन्हाळ्यात आलीया. यादीतलं नाव पयलीचं."

मी यादी उघडली. ती तयार झाली तेव्हा पहिली जिवंत होती. अमक्याची पत्नी ती. अंगठा उठवला तीही अमक्याची पत्नी. दोघीही खोटं बोलल्या नव्हत्या.

धर्मशाळेच्या ओसरीत अजून ऊन होतं. मी पाचही कागद मांडून बसले. एका बाप्यानं सात बायकांचा अंगठा उठवला म्हणून मी हसले होते. आता माझ्यापुढं मेलेल्या बाईच्या नंबरावर जित्या बाईचा अंगठा होता. हा कागद देणं म्हणजे तीच लबाडी, असं माझ्या मनानं स्पष्ट सांगितलं. आणि त्याच मनानं हेही सांगितलं की हा नसेल तर फरशीचे चारच उरतात. मला दोन्ही ठाऊक होतं. नकळत झालं असं मला कधी म्हणता आलं नाही.

मी लाल शाईची बाटली काढली आणि नंबरावर रेघ मारली. शेऱ्याचा रकाना होता, त्यात लिहिलं: "मतदार मयत." तो रकाना चांगला चार बोटं रुंद होता. त्यात आणखी दोन ओळी मावल्या असत्या. ही बाई कशानं मेली, तिच्या जागी आता कोण आहे, आणि तिला कितवा महिना आहे, एवढं लिहिलं असतं तर कुठला नियम मोडत नव्हता. मेंबरसाहेबांनी वाचलं असतं. त्यांना वाचायची हौस होती. मी लिहिलं नाही, कारण रकान्यात दोन शब्द फार नीटनेटके दिसत होते.

सोलापूरला मी हिशेबशीर गठ्ठा पोचवला. रद्द कागदावरचा शेरा मेंबरसाहेबांनी यादीत टिपून घेतला आणि कागद नियमाप्रमाणं मला परत दिला. मेंबरसाहेब त्या गावाच्या कागदांवरून बोट फिरवत म्हणाले, "चारच? काय हो, आणखी एक असता तर फरशी यादीत घातली असती." मी गठ्ठ्याची दोरी गुंडाळत राहिले. त्यांनी फरशी "इतर सूचना"त टाकली आणि माझ्या अक्षराची तारीफ केली.

पाच झाले असते तर फरशी झालीच असती असं मी म्हणत नाही. मुंबईत असे पुष्कळ कागद जातात. कदाचित पुढं दहा वर्षं काही झालं नसतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की ते आता पाढ्यासारखं येतं, आणि पाढा म्हणून कुणाला झोप लागत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. एका मुलीचं नाव खोडायला कॅटलॉग माझ्याकडं आलं, आणि टाक शाईत बुडवला तसं कानाशी कुणीतरी म्हणालं, "आक्का म्हणत्यात." मी मागं वळून पाहिलं. वर्गात कुणी नव्हतं. रेघ मारली ती वाकडी गेली. पुढं पुढं मला हळदीचा वास नको झाला. मुलींच्या गळ्यात काही चकाकलं की माझी नजर तिथं जायची आणि मी शिकवता शिकवता थांबायची. मुली एकमेकींकडं बघत. मी भित्री बाई नव्हे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरींना मी बाकावर उभं करत असे. पण जेवायला बसले की माझा हात आपोआप पहिला घास ताटाबाहेर ठेवायचा. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. ठेवला नाही तर पुढचा घास उतरत नसे.

भाद्रपदात पाऊस लागला. सोलापूरचा पाऊस बहुधा असाच, आषाढ कोरडा जातो आणि भादव्यात एकदम कोसळतो. शाळा सुटल्यावर मी छत्री घेऊन मोटारींच्या अड्ड्यावर गेले आणि मोहोळच्या ड्रायव्हरला विचारलं, "तिकडच्या ओढ्यांना पाणी आहे का?"

"बाई, दोन दिस मोटार जाग्यावर हाय. का, कुणी हाय व्हय तितं तुमचं?"

मी म्हटलं, कुणी नाही. तीन दिवस मी रोज जाऊन तेच विचारलं आणि रोज तेच सांगितलं. चौथ्या दिवशी मोटार सुरू झाली. मी त्यात बसले नाही. शाळा होती, रजा मिळाली नसती. खरं कारण तेवढं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि मी घरी जाऊन दार लावून बसले.

पुढच्या संक्रांतीला मेंबरसाहेबांनी पुन्हा कागद छापले. या खेपेला यादी दुरुस्त होऊन आली होती. पहिलीचं नाव माझ्या शेऱ्यावरूनच गळलं होतं. त्या गावात बायकांची नावं आता चार होती. त्या मोठ्या घरावर आता बाईचा एकही नंबर नव्हता. नियमाप्रमाणं मला तिथं जायचं कारण नव्हतं.

चौघींचे कागद भरून मी त्या दारात उभी राहिले. ओट्यावर कुणी नव्हतं. "कोण हाय?" असं म्हणत आतून एक मुलगी आली. सोळाचीही नसेल. अंगावर नवं लुगडं, हातात लग्नातला चुडा. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. मी गळ्याकडं पाहिलं.

काळ्या मण्यांत दोन टाक होते. एक झिजून काळवंडलेला. दुसरा नवा, लख्ख.

मी उंबऱ्यावरच बसले. तिनं धावत पाणी आणलं. "ऊन लागलं व्हय, बाई?" मग माझ्या हातातल्या कागदांकडं बघून ती थांबली. "तुमी त्या सोलापूरच्या मास्तरीणबाई का? लिवून नेणाऱ्या?"

"तुला कुणी सांगितलं?"

"समदं गाव सांगतंय. मधल्या आक्का सारक्या म्हणायच्या म्हणं, बाई लिवून घिऊन गेल्यात, आता फरशी व्हणार. वड्यावर दोन वाटसरू जरी हुबं दिसलं तरी म्हणायच्या, मोजायला आल्यात वाटतं." तिनं आवाज खाली केला. "पाणी आल्यालं. गाडी हुबी हुती, थोरल्या आक्कांची हुती तितंच. तवाबी म्हणत हुत्या म्हणं, आवंदा न्हाय झाली, फुडल्या साली व्हईल, बाईंनी लिवलंय."

तिला यात माझ्यावर काही आरोप करायचा नव्हता. ती मला मान देत होती. एवढ्या मोठ्या बाई आपल्या दारात आल्या म्हणून तिनं तीळगुळाची वाटी पुढं केली, आणि देण्याआधी वाटी दोन्ही टाकांना लावली. मी तीळगूळ हातात धरून बसले. तोंडात घालता आला नाही.

"आमचं लिवून घ्या की, बाई," ती म्हणाली.

मी कोरा कागद काढला. तिनं दोन्ही टाक बोटांत धरले. "थोरल्या आक्का म्हणत्यात फरशी. मधल्या आक्काबी म्हणत्यात फरशी. मधल्या आक्कास्नी मोटारीत बसायचं हुतं, तेबी लिवा."

"आणि तुला काय पाहिजे?"

"माझं मागनं," ती म्हणाली. "आदी त्या दोगींचं हुं दे."

मी सगळं लिहिलं, आणि या खेपेला शुद्ध करून लिहिलं नाही. ती बोलली तसं लिहिलं. शेऱ्याचा रकाना भरला, मग कागद उलटा करून पाठीमागं लिहिलं: गाडी कुठं उभी राहिली, किती वेळ, दोनदा. नंबराची जागा तेवढी रिकामी होती. त्या घरात मतदार बाई कुणी नव्हतीच. मी तिथं माझा स्वतःचा नंबर घातला आणि खाली सही केली. चार आणि एक पाच.

आठ दिवसांनी मेंबरसाहेबांकडून तो कागद परत आला. माझ्या नंबरावर लाल रेघ होती, पट्टी लावून मारलेली. शेऱ्यात लिहिलं होतं, "मतदार या गावचा नाही." पाठ त्यांनी वाचली की नाही ते मला कळलं नाही. मी विचारायला गेले नाही. त्यांच्या जागी मी असते तर तीच रेघ मारली असती. त्याच वर्षाअखेर मुंबईचं मंत्रिमंडळ पायउतार झालं, असेंब्लीच्या बैठका थांबल्या, आणि कुणाला काही विचारायचं कारणच राहिलं नाही.

ते दोन्ही कागद माझ्या ट्रंकेत तळाशी आहेत. पहिल्यावरची शाई फिकी झाली. हळदीचं वर्तुळ अजून आहे. लाल रेघा मारायचं काम मी त्या वर्षापासून सोडलं. हात थरथरतो असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पहिला घास मी अजून ताटाबाहेर ठेवते. आधी एक ठेवत असे, आता दोन ठेवते. तिसरा ठेवायला माझा हात धजत नाही.

त्या गावाला मी परत गेले नाही. पुष्कळ वर्षांनी कशासाठी तरी सर्व्हिस मोटारीनं कुर्डुवाडीला चालले होते. मोहोळ जवळ आलं तेव्हा ड्रायव्हर शेजारच्या उतारूला म्हणाला की आतल्या ओढ्यावर फरशी झाली, आता भादव्यातही गाड्या जातात. मी पुढच्याच बाकावर होते. कधी झाली, हे विचारायला एक शब्द पुरला असता. मी खिडकीकडं तोंड केलं आणि विचारलं नाही.